टेबरच्या कचेरीची आठवी ओळ

टॉलिव्हर काउंटीची विटांची कचेरी १८७३ साली उभी राहिली. शेजारच्या काउंटीतले लोक कामाला टेबरमध्ये येतात, कोनशिलेवरचं साल वाचतात आणि विचारतात, "काउंटी छत्तीस सालची, मग कचेरीला एवढा उशीर का झाला?" आमची माणसं तंबाखू थुंकून सांगतात, "मावशी जिवंत होती ना." पाहुण्यांना ती थट्टा वाटते. पण ते सरळ उत्तर आहे. मी ही हकीकत मावशीच्या मुलीकडून, ऑर्लीनाबाईंकडून, तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा तिच्यात शब्दाचाही फरक पडला नाही. ऐकलेलं जसंच्या तसं सांभाळायची आमच्याकडे रीतच आहे. सगळं घडलं तेही त्या रीतीमुळेच.

१८३६ साली राज्याने नकाशावर एक चौकोन आखला, त्याला टॉलिव्हर नाव दिलं आणि तीन पंच नेमले. काउंटीचं ठाणं, म्हणजे कचेरीचं गाव, कुठे करायचं ते त्यांनी ठरवायचं होतं. अटी दोनच होत्या. जागा साधारण मध्यावर हवी आणि तिथलं पाणी उन्हाळ्यात आटता कामा नये. असं पाणी एकच होतं, केझाया लेडबेटरच्या घरामागचा झरा. तिच्याआधी त्या झऱ्यावर ओसेज जमातीचे लोक पाणी भरत असत. त्यांना कुणी कागद वाचून दाखवला नव्हता.

केझाया तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. नवरा एसा आदल्या वर्षी हिवतापाने गेला होता. एकुलती मुलगी ऑर्लीना सोळाव्या वर्षी लग्न होऊन आर्कन्सॉला गेली होती आणि तिचा संसार ठीक चालला होता. पंच आले, ताक प्याले, झऱ्याच्या पाण्यात हात घालून बसले. मग थोरल्या पंचाने विचारलं, "काय घेशील या जमिनीचं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"पन्नास एकर असेच घ्या. कचेरी आली की माणसं येतील. रविवारी इथे आम्ही पाच जणी गातो आणि त्यातल्या दोघी बेसूर. मला शेजार हवाय." मग तिने घराकडे बोट केलं. "हे घर, झरा आणि भोवतीचा अर्धा एकर मी आहे तोवर माझ्याकडे राहू द्या. मी गेले की तेही घ्या. मला कुणासाठी मागे ठेवायचंय?"

त्या दिवशी ते खरं होतं.

बक्षीसपत्र लिहिलं ओबेद प्रुइट यांनी. ओबेदकाका काउंटीचे पहिले कारकून आणि आमच्या चर्चच्या मंडळीचे उपदेशकही. दोन्ही कामं त्यांच्याकडे आली, कारण लिहितावाचता येणारा माणूस वीस मैलांत तोच होता. त्यांचा उपदेश मी त्यांच्या म्हातारपणी ऐकला आहे. सुरुवातीला ते खाली बघून, खाकरत, अगदी गरिबासारखे बोलत. पाव तासाने श्वास लागायचा. मग प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक लांब 'आऽ' यायचा, आवाज पायरी पायरी चढायचा आणि कुठल्या क्षणी बोलणं थांबून गाणं सुरू झालं हे सांगता यायचं नाही. बाकावर बसलेल्या बायका डोळे मिटून डोलू लागत. असा उपदेश ऐकून घरी गेलेला माणूस निदान मंगळवारपर्यंत कुणाशी भांडत नसे. आता शाळा शिकून आलेले उपदेशक नीट मुद्देसूद बोलतात. देव त्यांचंही भलं करो.

गीतांची पुस्तकं मंडळीत दोनच होती आणि ती वाचू शकणारे त्याहून कमी. म्हणून ओबेदकाका एक ओळ भरभर म्हणून देत आणि मंडळी ती उचलून संथपणे, लांबवत म्हणे. पुन्हा ओळ, पुन्हा उचल. चार ओळींची चाल असते. तिसरी ओळ वर जाऊन लटकते आणि चौथी खाली येऊन बसते. आमच्या पोरांना चालता येण्याआधी हे येतं.

काउंटीचं पहिलं कोर्ट केझायाच्या अंगणातल्या पांढऱ्या ओकखाली भरलं. चाळीसेक माणसं जमली होती. आधी एक गीत झालं. मग बक्षीसपत्र वाचून दाखवायचं ठरलं, कारण तिघांतल्या दोन पंचांना अक्षर येत नव्हतं. ओबेदकाकांनी कागद उघडून पहिली ओळ वाचली. गीताची चाल अजून घशात होती, त्यामुळे ओळ चालीतच बाहेर पडली. आणि चाळीस माणसांनी ती उचलली.

ओबेदकाका दचकले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मग त्यांना दुसरं काही सुचलं नाही, त्यांनी दुसरी ओळ दिली. हे बक्षीसपत्र आहे हे कुणाला कळलं नव्हतं असं नाही. पण दिलेली ओळ न उचलता गप्प कसं राहायचं हे कुणाला माहीत नव्हतं. असं करत अख्खं बक्षीसपत्र गाऊन झालं. चाल दोनदा फिरली, आठ ओळी भरल्या:

"ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून सुरू,
उत्तरेला ऐंशी काठ्या, दोन हिकरी झाडांपर्यंत,
पूर्वेला शंभर काठ्या, उभ्या दगडापर्यंत,
तिथून फिरून ओढ्याकाठाने परत ओकपाशी.
ही पन्नास एकर मी केझाया काउंटीला देते,
कचेरीला, तुरुंगाला आणि चौकाला, कायमची.
घर, झरा आणि अर्धा एकर माझ्याकडे राहील
माझा श्वास चालेल तोवर. मग तेही काउंटीचं."

मागच्या रांगेत रॅन्सम थ्रेलकिल नावाचा सव्वीस वर्षांचा तरणा माणूस उभा होता. त्याचा आवाज इतका खोल की ओकची पानं हलतात असं बायका म्हणत. त्यानेही आठही ओळी म्हटल्या.

मग लाकडी ओंडक्यांची कचेरी बांधली, ओढ्याजवळच्या सखल जागेत, कारण ओंडके वर वाहून न्यायचा सगळ्यांना कंटाळा. फळ्यांच्या जमिनीखाली डुकरं राहत आणि वर वकील. जज्ज अधूनमधून कामकाज थांबवून काठीने फळीवर ठोकत, पण आवाज नेमका कुणाचा बंद करायचा आहे हे डुकरांना कळत नसे. केझायाने आपलं बक्षीसपत्र तिथेच दप्तरात ठेवायला दिलं. "माझं छप्पर गळतं," ती म्हणाली. "तुमच्याकडे कोरडं राहील."

एकोणपन्नास साली ऑर्लीनाचा नवरा सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला गेला. त्याचं एक पत्र आलं, मग आलं नाही. वर्षभर वाट बघून ऑर्लीना एक पेटी आणि एक खेचर घेऊन आईकडे परत आली. कोर्टाच्या आठवड्यात ती वकिलांना आणि साक्षीदारांना जेवायला घालू लागली. खारवलेलं डुकराचं मांस, घेवडा आणि मक्याची भाकरी. टेबरमध्ये दुसरीकडे कुठेही याहून वाईट मिळायचं, त्यामुळे गिऱ्हाईक भरपूर होतं.

एक्कावन्न सालच्या जानेवारीत कचेरी जळाली. शेकोटीची ठिणगी छपरात गेली असं म्हणतात. दुपारी दोनला धूर दिसला आणि तीन वाजता काही उरलं नाही. पंधरा वर्षांची सगळी दप्तरं गेली. डुकरं तेवढी वाचली.

रॅन्सम थ्रेलकिल आता काउंटीचा मुख्य पंच होता. वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगून ठेवते. पण पलीकडच्या पिनहुक गावाला ठाणं तिकडे न्यायचं होतं आणि तिथली माणसं उघड बोलत होती, "टेबरला ना कचेरी, ना कागद. आहे काय तिथे?" विटांची कचेरी पटकन उभी केली तर ही बोलणी थांबतील असा थ्रेलकिलचा हिशेब. जुन्या जागेत दर वसंतात ओढ्याचं पाणी शिरायचं. उंच, कोरडी आणि पाण्याजवळची जागा एकच होती.

तो मार्चमध्ये केझायाच्या दारात आला. ती आता चौसष्टची, सगळ्या काउंटीची मावशी.

"मावशी, मे महिन्यापर्यंत घर रिकामं करावं लागेल."

"का रे, मी मेले का?"

"कागद जळाला. ही सगळी जमीन काउंटीची, एवढंच सगळ्यांना माहीत आहे. तुझ्यासाठी काही राखून ठेवल्याचं कुठे लिहिलेलं नाही."

"तू होतास की तिथे. माझ्या ओकखाली उभा राहून बोंबलत होतास."

"पंधरा वर्षं झाली मावशी. मी हजार गीतं बोंबललोय त्यानंतर." थ्रेलकिलने टोपी हातात फिरवली. "तुला गावात खोली बघून देऊ. सरपण मी देईन."

"सरपण दे," मावशी म्हणाली. "इथेच आणून टाक."

मे महिन्यात फिरते जज्ज स्टोडर्ड आले. नदीकाठच्या मोठ्या शहरातले, बारीक अंगाचे, कोरड्या बोलण्याचे. त्यांच्या चर्चमध्ये ऑर्गन होता. कचेरी नव्हती म्हणून कोर्ट आमच्या प्रार्थनाघरात भरलं. उपदेशकाच्या टेबलामागे जज्ज बसले आणि लोक आपोआप रविवारच्या जागी बसले, बाया डावीकडे, बाप्ये उजवीकडे, खोल आवाजाचे मागे.

त्या सकाळी निघण्याआधी ऑर्लीनाने आईला बूट घालताना बघून विचारलं होतं, "आई, ओबेदकाकांना सगळं आठवेल?"

"आठवेल."

"सगळं?"

मावशीने नाडी दोनदा बांधली. पंधरा वर्षांपूर्वी तिला मागे ठेवायला कुणी नव्हतं. आता होतं. आठवी ओळ विसरली गेली तर घर तिचं पक्कं होणार होतं, तिच्यामागे ऑर्लीनाचं. आठवली तर ज्या दिवशी आई जाईल त्या दिवशी मुलगी पेटी आणि खेचर घेऊन रस्त्यावर. "ओबेदचं वय झालंय," ती म्हणाली. "जेवढं आठवेल तेवढं आठवेल. मी त्याच्या तोंडात शब्द घालणार नाही आणि काढणारही नाही."

जज्जनी कायदा सांगितला. कागद जळाला असेल तर तो ऐकलेल्या माणसांची साक्ष चालते. ओबेदकाकांना पुढे बोलावलं. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. ते टेबलाची कड धरून उभे राहिले.

"बक्षीसपत्रात काय होतं ते सांगा."

"ओढ्याकाठच्या..." ओबेदकाका थांबले. "ओढ्याकाठच्या ओकपासून... उत्तरेला..." मग पुन्हा थांबले. अडखळत्या पायाने पायऱ्या उतरावं तसं चाललं होतं. शेवटी ते म्हणाले, "साहेब, असं नाही येत मला."

"मग कसं येतं?"

"जसं वाचलं होतं तसं."

"म्हणजे?"

डावीकडून एक म्हातारी पुटपुटली, "अहो, गाऊ द्या की त्याला. किती छळाल."

हशा झाला. जज्जनी पेन खाली ठेवलं. "गाणं हा पुरावा कसा होईल?"

"गाणं नाही साहेब," ओबेदकाका गंभीरपणे म्हणाले. "वाचनच आहे. आमच्याकडे वाचतात असंच."

जज्जनी खिडकीतून बाहेर बघितलं. त्यांना संध्याकाळच्या आत पुढच्या गावी पोचायचं होतं. "बरं. वाचा."

ओबेदकाकांनी श्वास घेतला आणि पहिली ओळ दिली. प्रार्थनाघराने ती उचलली.

जज्जनी मान झटकन वर केली. "साक्ष एकाची चालू आहे! बाकीच्यांनी..." पण तोवर दुसरी ओळ आली होती, आणि दिलेल्या ओळीपुढे जज्जचं काही चाललं नाही. ऐंशी काठ्यांपर्यंत सगळे बरोबर गेले. मग अर्धे "दोन हिकरी" म्हणाले आणि अर्धे "तीन".

"दोन!"

"तीन होत्या. मी त्यांच्याखाली झोपलोय."

"तू जिथे झोपतोस तिथे तुला सगळं दुप्पट दिसतं, जेसी."

"मग चार म्हणालो असतो!"

"कागदात दोन," ओबेदकाका शांतपणे म्हणाले. "एक नंतर उगवली." आणि त्यांनी तिसरी ओळ दिली.

चौथी, पाचवी, सहावी. जज्ज आता लिहीत होते. ओळ ऐकायची, मंडळी ती लांबवत म्हणेपर्यंत आरामात उतरवून घ्यायची. नंतर त्यांनी कबूल केलं की इतक्या सोयीची साक्ष त्यांनी उभ्या आयुष्यात लिहून घेतली नव्हती. सातवी ओळ आली, "घर, झरा आणि अर्धा एकर माझ्याकडे राहील", आणि ती बायकांच्या बाजूने जरा जास्तच जोरात उचलली गेली. आवाज वर गेला आणि वरच राहिला.

ओबेदकाकांचे ओठ हलले. काही आलं नाही. त्यांनी डोळे मिटले, उघडले. "त्यापुढे..." ते म्हणाले. मग हळूच, स्वतःलाच सांगावं तसं, "गेलं."

जज्जनी ओळ लिहून संपवली. "एवढं पुरे आहे. घर, झरा आणि अर्धा एकर श्रीमती लेडबेटर यांनी स्वतःकडे ठेवला. काउंटीचा त्यावर हक्क नाही. श्री. थ्रेलकिल, तुमचं काही म्हणणं?"

ऑर्लीनाने आईचा हात धरला. पण कुणी उठेना. लोक बाकावर चुळबुळत होते, एकमेकांकडे बघत होते. कुणीतरी घसा साफ केला. मागच्या रांगेतून थ्रेलकिल उभा राहिला.

"साहेब, चाल संपली नाही."

"तुमची हरकत चालीवर आहे?"

"ओळी सात झाल्या. चाल चारची असते. आठवी ओळ आहे."

"मग ती सांगा."

थ्रेलकिलने काहीतरी घडवून सांगितलं असतं तर त्याला कोण अडवणार होतं? त्याचा आवाज सगळ्यात मोठा होता आणि तो ज्या बाजूला जाई तिकडे मागची रांग जात असे. "शब्द आठवत नाहीत," तो म्हणाला. "सूर आठवतो." आणि त्याने तोंड बंद ठेवून तो सूर लावला, खाली उतरत जाणारा. मागच्या रांगेतल्या चौघापाचांनी त्याला साथ दिली. सूर बसला. त्याच्यावर शब्द नव्हते.

"नुसत्या सुरावर मला हुकूम लिहिता येत नाही," जज्ज म्हणाले. "आणखी कुणाला काही आठवतं का?"

कुणाला आठवत नव्हतं. पंधरा वर्षांत कितीतरी माणसं दफनभूमीत गेली होती, काही ओरेगॉनला. इतरांना स्वतःच्या जमिनीचे शब्द लक्षात ठेवता ठेवता पुरे झालं होतं. जज्जनी पेन शाईत बुडवलं.

मावशीने ऑर्लीनाच्या हातातून हात सोडवला. ती उठली नाही. बसल्या जागीच, समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत तिने म्हटलं, फार मोठ्याने नाही:

"माझा श्वास चालेल तोवर, मग तेही काउंटीचं."

मग सगळ्या प्रार्थनाघराने ती ओळ उचलली, दोन्ही बाजूंनी, आणि चाल खाली येऊन बसली. "हां," जेसी मोठ्याने म्हणाला, "हेच होतं." ओबेदकाका रडत होते. पण ते उपदेश करतानाही रडत, त्यामुळे त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही.

जज्जनी विचारलं, "बाई, ही ओळ तुमच्या विरुद्ध जाते हे तुम्हाला समजतं का?"

"मीच लिहायला सांगितली होती ती," मावशी म्हणाली.

जज्जनी सातव्या ओळीखाली आठवी लिहिली. हुकुमात त्यांनी एक कलम जास्तीचं घातलं. बाईंचा श्वास थांबेल ती वेळ काउंटीच्या कारकुनाने स्वतः येऊन वहीत नोंदवावी, म्हणजे पुन्हा कुणाला गावं लागू नये.

घरी जाताना ऑर्लीना ओढ्यापाशी थांबली. मग म्हणाली, "गप्प बसली असतीस तर?"

"बसले होते की. चांगल्या सात ओळी."

"आई!"

"तू ऐकलंस ना ते? वर टांगून राहिलं होतं सगळ्यांच्या डोक्यावर. मी उद्या भाकरी थापली असती त्याच्याखाली, परवा थापली असती. रविवारी तिथेच जाऊन बसले असते." ती थोडं चालली. "मी लवकर मरणार नाही, घाबरू नकोस."

थ्रेलकिलने हिशेब केला होता. चौसष्टची बाई, छातीत कफ, गळकं छप्पर. दोन वर्षं, फार तर चार. तेवढं थांबता येईल. पहिल्या थंडीत त्याने सांगितल्याप्रमाणे सरपण आणून टाकलं.

"कशी आहेस मावशी?"

"उत्तम. तू वाळलास जरा."

हे बोलणं दर हिवाळ्यात झालं. पंधरा हिवाळे. कोर्ट कधी प्रार्थनाघरात भरे, कधी वाण्याच्या दुकानावरच्या माडीत. नवी दप्तरं ठेवायला कोरडी जागा नव्हती म्हणून कारकुनाने ती मावशीच्या घरात आणली. छप्पर तोवर काउंटीने दुरुस्त करून दिलं होतं. ऑर्लीना वकिलांना जेवण वाढता वाढता हव्या त्या पानावर बोट ठेवून देई. पिनहुकने ठाणं हलवायला दोनदा मतदान घेतलं. दोन्ही वेळा लोक म्हणाले, मावशीला दिलेला शब्द आहे, ती जाईपर्यंत थांबा. मग उत्तर-दक्षिणेची लढाई आली. दोन्हीकडच्या पलटणी या डोंगरांतून गेल्या आणि जाताना त्यांनी आजूबाजूच्या तीन काउंट्यांच्या विटांच्या कचेऱ्या जाळल्या, दप्तरांसकट. आमच्याकडे जाळायला कचेरी नव्हती. एका म्हातारीचं घर होतं. त्यात सैनिकांनी ताक मागितलं, प्याले आणि गेले. त्या तीन काउंट्यांत अजून बांधांवरून भांडणं चालू आहेत. मी यात देवाचा हात बघते. ज्याला बघायचा नसेल त्याने न बघावा. दप्तरं मात्र आमचीच शाबूत आहेत.

थ्रेलकिल सहासष्ट साली गेला. ओबेदकाका त्याच्या आधीच गेले होते. थ्रेलकिलच्या दफनाला ओळ द्यायला कुणी नव्हतं. एकोणऐंशी वर्षांची मावशी पुढे झाली आणि तिने ओळी दिल्या. मागच्या रांगेत जिथे त्याचा आवाज असायचा तिथे भोक पडल्यासारखं वाटत होतं, असं ऑर्लीनाबाई सांगतात.

मावशी बाहत्तर सालच्या नोव्हेंबरात अंथरुणाला खिळली. वय पंच्याऐंशी. हुकुमाप्रमाणे कारकून वही घेऊन ओसरीवर येऊन बसला. तीन दिवस बसला. दुसऱ्या दिवशी मावशीने विचारलं, "बाहेर कोण खोकतंय?"

"कारकून," ऑर्लीना म्हणाली.

"त्याला काहीतरी गरम खायला दे. माझ्यापायी ताटकळलाय बिचारा."

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारपाजारची दहाबारा माणसं ओसरीवर होती. ऑर्लीना बाहेर आली आणि तिने मान हलवली. कारकुनाने घड्याळ बघून नोंद केली. मग कायद्याप्रमाणे ती वाचून दाखवली, सरळ, कोरड्या आवाजात. तो बाहेरून आलेला होता, त्याला आमची चाल येत नव्हती. "केझाया लेडबेटर यांचा श्वास आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी थांबला."

कुणी ओळ दिली नव्हती. पण ओसरीने ती उचलली, लांबवत, वर नेत, आणि तिथेच धरून ठेवली. कारकून वही छातीशी धरून गोंधळून बघत राहिला.

"मग तेही काउंटीचं," ऑर्लीनाने चाल खाली आणली आणि कमरेची किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

पुढच्या वर्षी तिथे विटांची कचेरी झाली. झरा तळघरातून वाहतो. वाळवंटासारख्या ऑगस्टमध्येही आत गारवा असतो आणि वकील उगाच रेंगाळतात. मावशीच्या चुलीचा सपाट दगड दाराची पायरी आहे. ऑर्लीनाबाईंनी ओढ्याजवळची जुनी, जळक्या कचेरीची जागा विकत घेतली. बाकी कुणाला ती नकोच होती. वसंतात त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पाणी येतं. त्या खुर्ची ओट्यावर ओढून घेतात, पाय वर करून बसतात आणि पाणी उतरेपर्यंत कोर्टातून जेवायला येणाऱ्यांना तिथूनच ओरडून सांगतात, "बूट काढून या! आज घेवडा आहे!"